चाळीस अंशांचा नवरा

देगू, ऑगस्टचा दुसरा शुक्रवार

प्रिय मालन्यो,

परवा फोनवर तू म्हणालीस, "ताई, पहाटे गार वाटतं गं, रजई ओढून घ्यावी लागते." लाइन तुटली नव्हती, मीच फोन ठेवला. दर उन्हाळ्यात तू हे रजईचं पुराण लावतेस आणि दर उन्हाळ्यात मला वाटतं, हिला एकदा धरून आणावी आणि भर दुपारी माझ्या ओट्यापुढे उभी करावी. एका आईच्या पोटच्या आपण दोघी. देश एकच, आणि तोही केवढासा, सकाळी बसमध्ये बसलं तर दिवेलागणीच्या आत तुझ्या दारात. तरी तू रजईत आणि मी ओल्या टॉवेलात. तुला सांगायला काही वाटत नाही, मला ऐकायला वाटतं.

हे पत्र मी बँकेत बसून लिहितेय. पैशाचं काही काम नाही. आमच्याकडे आता उन्हाच्या दिवसांत म्हाताऱ्यांना बँकेत बसायची मुभा आहे, दारावर तशी पाटीच लावलीय. त्यामुळे आमच्या गल्लीतल्या साऱ्या जणी सकाळचं आवरून इथं येऊन बसतात, काउंटरवरची मुलगी थंड जवाचं पाणी आणून देते, आणि कुणाच्या सुनेचं काय चाललंय ते सगळं कळतं. हे मात्र इथं पाऊल टाकत नाहीत. म्हणतात, "देगूचा माणूस ऊन चुकवायला बँकेत बसायला लागला तर त्यानं आधी आपलं आडनाव बदलावं." म्हणून तर मला इथं बसून लिहिता येतं. घरून फोनवर काही बोलायची सोय नाही, आणि इथून बोलावं तर साऱ्या जणी कान टवकारून बसलेल्या. कापड रंगवायच्या त्या रंगखान्यातल्या यंत्रांनी ह्यांचे कान गेले, तेव्हापासून फोन वाजला की हे तो मोठ्या आवाजावर टाकतात आणि शेजारी मांडी घालून बसतात. तू तिकडे शिंकलीस तरी इकडे गल्लीला कळतं.

तुला ह्यांचं चाळिसाचं वेड ठाऊक आहेच. बेचाळीस सालच्या ऑगस्टच्या एक तारखेला देगूत पारा चाळिसावर गेला आणि त्याच दुपारी हे जन्मले. सासूबाई सांगायच्या, सुईण मधेच दोनदा उठून बाहेर गेली आणि डोक्यावर पाणी ओतून आली. तेव्हापासून उभ्या देशात तेवढं ऊन कुठं पडलं नव्हतं. बाजारात ह्यांना फिलग्यू म्हणून कोण ओळखतं? "चाळीस आले, चाळिसांना टरबूज दाखव," असंच चालतं. ह्यांच्या वयाची माणसं चंद्राच्या तिथीनं वाढदिवस करतात, हे मात्र इंग्रजी तारीख धरून बसलेले. का, तर हवामानखात्याच्या दप्तरी तीच आहे.

तर यंदाच्या वाढदिवसाची गोष्ट. मी भल्या पहाटे उठून समुद्री शेवाळाचं सूप केलं. बाहेर आग, आत आग, तरी केलं, कारण वाढदिवसाला ते हवंच. दुपारी उरलेलं पुढ्यात घेऊन हे टीव्हीसमोर बसले आणि बातम्यांत हवामान सांगणारी पोरगी हसत हसत म्हणाली की आज होंगचनला एकेचाळीस अंश. ह्यांचा चमचा तसाच हातात राहिला. "कुठलं होंगचन?" मी म्हटलं, "गांगवन प्रांतातलं." माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच तो पारा पिशवीत घालून माहेरी पाठवला. मग म्हणाले, "तुमच्या प्रांताला बटाटे होते, कोबी होती, थंडी होती. आमच्याकडे एक ऊन होतं, तेही नेलंत." आणि सूप तसंच ठेवून उठले.

मी हसले. तूही हसली असतीस. म्हटलं, गरीब बिचारं ऊन, कुणी नेलं तर उलट आरती ओवाळू. पण दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर हे दिसेनात. बघते तर गच्चीवर. रंगखान्यातून निवृत्त होताना आणलेला तो काचेचा लांब तापमापक हातात, डोक्याला टोपी नाही, आणि हिरवा रंग दिलेल्या त्या तापल्या सिमेंटवर ताठ उभे. पारा एकावन्न दाखवत होता. उन्हात धरल्यावर दुसरं काय दाखवणार? खाली येऊन ह्यांनी हवामानखात्याला फोन लावला. तिथली मुलगी गोड आवाजात म्हणाली, "आजोबा, सावलीत मोजायचं असतं. खाली गवत असावं लागतं." हे म्हणाले, "पोरी, देगूची माणसं काय गवतावर सावलीत राहतात? माणूस जिथं राहतो तिथलं मोज." तिनं आभार मानून फोन ठेवला. मग रोजचंच झालं. रोज दुपारी गच्ची, रोज फोन. तीन-चार दिवसांतच ती मुलगी ह्यांना आवाजावरून ओळखायला लागली. "चाळीस आजोबा, आज किती?" असं ती आपणहून विचारायची, आणि ह्यांना वाटायचं की सरकार आपलं ऐकतंय.

हट्टाला काही धरबंध असावा की नाही? सांगुकनं गेल्या वर्षी एसी पाठवला, माणसं पाठवून भिंतीवर बसवूनही घेतला. पोराला तिकडे कारखान्यातून यायला जमत नाही म्हणून त्यानं आपल्या परीनं केलं. ह्यांनी त्यावर टोपी वाळत घातली. रिमोटमधले सेल काढून रेडिओत टाकले. बरं, एसी नको तर नको, पंखा तरी लावावा. पण दार बंद करून पंख्याखाली झोपलं की माणूस सकाळी उठत नाही, हे ह्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. म्हणून झोपताना पंखाही बंद. पंख्याला घाबरणारा आणि उन्हाला न घाबरणारा नवरा माझ्या कपाळी आला, मालन्यो. वर ऐन उन्हाळ्याच्या तीन बोकांपैकी मधल्या बोकच्या दिवशी मी रिवाजाप्रमाणे कोंबडीचं सूप केलं तर म्हणाले, अजून उकळ, उन्हावर उतारा उन्हाचाच. नाकावरून घाम टपटप वाडग्यात पडत होता आणि म्हणत होते, "हा, आता गार वाटलं."

आणि मग गेल्या रविवारी ते झालं, जे मी तुला फोनवर सांगितलं नाही. मी गच्चीवर मिरच्या वाळत घातल्या होत्या. त्या पालटायला दुपारी वर गेले, तर हे मिरच्यांवरच आडवे. मला आधी राग आला. एवढ्या मिरच्या चुरडल्या म्हणून ओरडले मी त्यांच्यावर. पण हलेनात. हात लावला तर अंग भट्टीसारखं तापलेलं आणि घामाचा टिपूस नाही. खालच्या मजल्यावरच्या माणसानं आणि त्याच्या भाच्यानं उचलून जिन्यानं उतरवलं, मी मागून पाणी ओतत होते, कुठं पडतंय बघितलंही नाही. दवाखान्यात दोन दिवस ठेवलं. शुद्धीवर आले तेव्हा पहिलं वाक्य काय, तर "रुग्णवाहिकेत फार गार होतं, त्यानंच मी आजारी पडलो." दुसरं वाक्य, "तापमापक फुटला नाही ना?"

डॉक्टरीणबाई तरुण आहे, पण तिनं मला बाहेर बोलावून सरळ सांगितलं. म्हणाली, "आजी, ह्या वेळी परत आणलं. हृदयाला आणि मूत्रपिंडाला मार बसलाय. पुन्हा असं झालं तर आणता येईल असं मला वाटत नाही. हा महिना त्यांना देगूत ठेवू नका. डोंगरावर कुणी आहे का तुमचं?" मी म्हटलं, आहे, बहीण आहे, रजई घेते ती. तिला काही कळलं नाही.

घरी आल्यावर मी तीनदा विषय काढला. पहिल्यांदा सरळ म्हटलं, चला, मालन्योकडे जाऊ. म्हणाले, "तू जा, तुझं माहेर आहे. मी उन्हातून पळालो असं लोकांनी म्हणावं का?" मग सांगुककडून फोन करवला, तर त्याला म्हणाले, "तुझ्या आईला गार हवेची चटक लागलीय, तिला घेऊन जा." शेवटी मी खरंच पिशवी भरली आणि दारात ठेवली, म्हटलं, एकटी जाते मग. तर हे आपले खूश. "जा, कोबी घेऊन ये," म्हणाले. ती पिशवी अजून दारातच आहे. कारण मी गेले तर गच्चीवरून त्यांना खाली कोण आणणार? कालही कुलूप घातलं होतं गच्चीच्या दाराला, तर किल्ली शोधत फिरत होते. शेवटचा बोक अजून यायचाय, आणि टीव्हीवरची पोरगी म्हणते की एवढ्यात उतार नाही.

रागावते मी, पण तुला एक सांगते. लग्न होऊन मी त्या घाटावरून खाली उतरले तो पहिला उन्हाळा तुला आठवत नसेल, तू लहान होतीस. मला वाटलं होतं, ह्या कढईत आपण शिजून मरणार. सासूबाईंपुढे बोलायची सोय नव्हती, म्हणून परसात जाऊन रडायचे. ते ह्यांनी बघितलं. मग रोज संध्याकाळी रंगखान्यातून सुटले की हे नदीपलीकडच्या बर्फवाल्याकडून गवतात गुंडाळलेला बर्फाचा तुकडा घेऊन पळत यायचे. पळत, कारण चालत आलं तर वाटेतच वितळायचा. दिवसभर भट्टीपुढे उभा राहिलेला माणूस त्या उन्हात पळायचा, आणि दारात आला की त्याच्या हातात मुठीएवढा बर्फ उरलेला असायचा. माझे पाय पाण्यात घालून तो त्यात सोडायचे आणि म्हणायचे, "रडू नकोस गं, ह्या उन्हाची पण एक ऐट असते. सवय झाली की तुलाही येईल." मला ती ऐट कधी आली नाही. पण त्यांची मी मोडू दिली नाही. ह्यांच्या वडिलांची सफरचंदाची बाग गेली, इथलं हवामान तापलं म्हणून सफरचंदं वर तुमच्याकडे सरकली. मग रंगखाना बंद पडला. राहता राहिलं ते चाळीस. ते गेल्यावर ह्यांनी काय धरून राहायचं, हा प्रश्न मलाही पडतो. पण म्हणून मी त्यांना मिरच्यांवर मरू देणार नाही.

तेव्हा आता नीट ऐक, ह्यासाठीच हे पत्र तातडीच्या टपालानं धाडतेय. तुला खोटं बोलता येत नाही हे मला ठाऊक आहे. लहानपणी बटाटे भाजून खाल्ले की आईनं विचारायच्या आधी तू कबूल करायचीस आणि मार मला बसायचा. त्या माराची आण आहे तुला, ह्या खेपेला खोटं बोल. सोमवारी दुपारी जेवणाच्या वेळी फोन कर, तेव्हा हे फोनला खेटून बसलेले असतात. आम्हाला बोलवू नकोस, गार हवेचं नाव काढू नकोस, आणि हात जोडते, रजई म्हणू नकोस. माझ्याशीच बोल. रडकुंडीला आल्यासारखी सांग की ताई, यंदा आमच्या घाटावर कहर झाला, कोबी शेतात शिजली, सरपंचानं मोजलं तर बेचाळीस भरलं, होंगचनपेक्षाही जास्त, आणि आता गावात पाटी लावणार आहेत. मी म्हणेन, छे, ह्यांना विचार. मग तू म्हण, "भाऊजींना काय विचारायचं, त्यांचं आता वय झालं." एवढं म्हणालीस की बास. मंगळवारच्या पहिल्या बसनं तापमापक मांडीवर घेऊन हे तुझ्या दारात येतील, आणि पिशवी धरायला मी मागे असेनच. तुझ्या अंगणात पारा तेवीसच्या वर जाणार नाही. तो बघून हे गावभर तुझी फजिती करतील, तुझ्या सरपंचाला घरी जाऊन हसतील, हवामानखात्याच्या त्या मुलीला तिथून फोन लावतील. करू दे. तू मान खाली घालून ऐक आणि रोज म्हण, आज ढग होते भाऊजी, उद्या बघा, उद्या नक्की चढेल. असं उद्या-उद्या करत हा महिना काढ, मालन्यो. मला ते खरे ठरलेले हवेत, पण त्याआधी जिवंत हवेत. पत्र वाचून झालं की फाडून टाक, तिथं त्यांच्या हाती लागायला नको. आणि रजया दोन काढून ऊन दाखवून ठेव. माझी जरा जाड बघ.

तुझ्या रजईवर इतकी वर्षं जळणारी,
तुझीच,
ओकसुन ताई