टेप संपते तिथून पुढे

९ जानेवारी, गुरु.
...आणि मी टोप घासत होते. ह्यांची मे महिन्याची रजा. पाणी भरून झालं होतं, अंगण झाडून झालं होतं, मागच्या दारी नारळाची शेंडी आणि राख घेऊन बसले होते. हे पडवीत टेप लावून. म्हणाले, घासणं थांबव जरा, शेवटचा भाग आला. मी म्हटलं, मग टोप काय तुमचा रशियन येऊन घासणार? हसले. वाजत वाजत चढत गेलं, चढत गेलं आणि खट्. टेप संपली. शेवट राहिला. ऑफिसातल्या पारशी साहेबाच्या तबकडीवरून भरून घेतलेली टेप, एका बाजूला त्या रशियन संगीतकाराची सिंफनी मावली नाही. दुसऱ्या बाजूला दोनशे वर्षांपूर्वीची एक होती, ती पुसायला हे तयार नव्हते.

आज हे आठवलं कारण सकाळी मिलिंदचा फोन. फेब्रुवारीत मुंबईत बाहेरच्या देशातला वाद्यवृंद येतोय. आधी ती जुनी, मग रशियन. म्हणजे आमच्या टेपच्या दोन्ही बाजू. रवि. आणि सोम., दोन्ही दिवशी तेच. मायलेकांची रविवारची तिकिटं काढलीत म्हणाला, सोमवारी त्याला रजा नाही.

फोन ठेवला आणि घासलेला टोप परत घासायला घेतला.

१४ जाने.
वाचनालयातून ते संगीताचं जाडं पुस्तक पुन्हा आणलं. तिथल्या बाई म्हणाल्या, "तुमच्याशिवाय कोणी नेत नाही हो, धूळ तरी पुसली जाते." चौथीत माझी शाळा सुटली. हे मुंबईहून वर्तमानपत्राचे गठ्ठे आणायचे त्यावर वाचायला शिकले, नाहीतर मला कोण पुस्तक देणार होतं.

रशियनावर सरकारची खप्पामर्जी झाली होती. मग त्याने ही लिहिली. शेवट मोठ्या विजयाचा. काहींना वाटतं, खरा आनंद. काहींना वाटतं, पाठीत काठी घालून 'हास' म्हटल्यावर माणूस जसा हसेल तसा.

ह्यांनी ती सभागृहात ऐकलेली. साहेब आपला पास द्यायचा. मी विचारायची, तुम्हाला काय वाटलं? कधी सांगितलं नाही. "तू चल, ऐक आणि आधी तू सांग. मी आधी सांगितलं तर तू माझंच बोलशील." रिटायर झाल्यावर जायचं ठरलं होतं. रिटायर झाले आणि त्याच पावसाळ्यात उजवं अंग गेलं, वाचा गेली. मग मी विचारायचं सोडलं.

मिलिंद म्हणतो मोबाईलवर शेवट आहे, लावू का. नको म्हटलं. मोबाईलवर शेवट आहे हे मलाही माहीत आहे. नवऱ्याला दिलेला शब्द मोबाईलवर नाही.

२६ जाने.
खुर्चीत न हलता बसायचा सराव केला. पूर्ण बाजू. खोकायचं नाही. भाग संपला तरी टाळी नाही, सगळे भाग संपल्यावरच. पहिल्या वेळी ह्यांनी मधेच वाजवली होती. पुढच्या रांगेतल्या बाईने नुसती मान वळवून बघितलं. हे सांगायचे, ती मान मला अजून दिसते.

विमल, माझी जाऊ, खिडकीतून डोकावली.
"गो वयनी, अशी खांबासारखी काय बसलीस? बरं नाय वाटत काय?"
ऐकतेय म्हटलं.
"वरीस नाय झालं माणूस जाऊन. आन् मुंबैला ऑर्केस्ट्रा बघायला चाललीस म्हणं. साडी कुठली नेसणार?"
निळी म्हटलं. तू ह्यांच्या मयताला आलीस तेव्हा नेसली होतीस तशीच. गेली तणतणत.
खरं तर ती पांढरी नेसली होती. पण बोलून झालं होतं.

४ फेब्रु.
भावोजी आले. सुदाम भावोजी, ह्यांचे धाकटे भाऊ, विमलचे यजमान, वाडीच्या मंडळाचे सेक्रेटरी. म्हणाले, दादाच्या वर्षाचं पुण्यानुमोदन सोळाला ठरलं. रविवार.
"तारीख वीस आहे, भावोजी."
"वहिनी, वीस गुरुवार येतो. मुंबईची माणसं येणार कशी? मुंबई मंडळाने रविवार दिला, झालं."
मी म्हटलं, रविवारी मला काम आहे.
"कसलं काम?"
सांगितलं.
म्हणाले, "दादा असता तर त्याला लाज वाटली असती."
ह्यांच्या आजारपणात हा माणूस एकदा आला. वास येतो म्हणून पडवीतच बसला. चहा पिऊन गेला, कप खाली ठेवताना भावाकडे बघितलंसुद्धा नाही. त्याला आता माहीत, दादाला काय वाटलं असतं.
"पंगत करा, भाषण करा, मला वगळा," म्हटलं.
"घरच्या बाईला वगळून? मग भांडी कोण देणार?"
मंडळाचा नियम. टोप, पराती, वाढपाची भांडी मंडळाची. ज्या घरी कार्य त्या घरच्या बाईने घासून दुसऱ्या दिवशी सकाळी समाजमंदिरात पोचवायची. सासूसाठी मी पोचवली. सासऱ्यांसाठी मी. भावोजींची मुलगी गेली तेव्हाही मीच, विमल उठत नव्हती.

७ फेब्रु.
मिलिंद.
"आई, काकांचा फोन होता. वाडीत राहायचंय आपल्याला. लोक काय म्हणतील?"
तू कुठे राहतोस वाडीत? तू डोंबिवलीत राहतोस.
"ऐक ना. तिकिटं वाया नको म्हणून मी आमच्या साहेबांना दिली. त्यांच्या मिसेसना खूप आवड आहे."
दोन्ही?
"जोडीने जातील ना."
विचारलं नाही. दिली.
म्हटलं, दोन वर्षांत बापाचं अंथरूण तू एकदाही बदललं नाहीस. तिकीट मात्र चटकन बदललंस.
मग म्हणाला, "तू अशी बोलतेस म्हणून घरी यावंसं वाटत नाही."
बरं म्हटलं. जेवलास का विचारायचं राहिलं.

१३ फेब्रु.
टोप आले. मांडवाचे बांबू आले. भावोजी भाषण पाठ करताहेत, आवाज इथपर्यंत येतो. "दादाने मला बोट धरून..." एवढ्यावरच अडकतात, परत पहिल्यापासून.
टेप लावली नाही. पुस्तक परत केलं. बाईंनी विचारलं, ऐकलंत का? नाही म्हटलं. त्यांनी आणखी विचारलं नाही, बरं झालं.

१६ फेब्रु., रवि.
लिहिते.

बुद्धवंदना झाली. भावोजींचं भाषण झालं. दादा व्यसनापासून लांब, दादा समाजासाठी झिजला. एवढ्या भाषणात हे कुठे दिसले नाहीत. मिलिंद शेजारी बसला होता, माझा हात धरायला बघत होता, मी हात मांडीखाली घेतला.

पंगत बसली. खीर वाढत होते. मिलिंदने माईक घेतला. म्हणाला, माझ्या वडिलांना एक संगीत फार आवडायचं. आज आई ते ऐकायला जाणार होती, पण वडिलांसाठी थांबली. म्हणून आईसाठी एक सरप्राईज. आणि मोबाईल लाऊडस्पीकरला जोडला.

रशियन. मांडवाच्या दोन कर्ण्यांतून. पहिले सूर ऐकून कुत्री भुंकली.

पहिला भाग संपला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. संपलं वाटलं त्यांना. परत सुरू झालं. पालीचे एक म्हातारे पाहुणे म्हणाले, "ह्या बेंडवाल्यांना वरातीतलं काय येत नाय काय?" पंगत हसली. तिसऱ्या भागात, जिथे हे डोळे मिटायचे, तिथे कोणीतरी माईकवर ओरडलं, "दुसऱ्या पंगतीवाल्यांनी बसून घ्या." विमल माझ्या कानाशी, "खूश ना गो आता? फुकटात झाला तुझा ऑर्केस्ट्रा."
मिलिंद माझ्याकडे बघून हसत होता. लहानपणी निकाल दाखवायचा तसा.

शेवटचा भाग. चढायला लागलं. मी उठले. कुठल्या सुरावर आमची टेप संपते ते मला पाठ आहे. मांडवाच्या खांबाजवळ बोर्ड होता, सगळी वीज तिथूनच. तो सूर आला आणि मी पिन खेचली.

खट्.

कर्णे बंद, पंखे बंद, दिवेही गेले. खीर हातात धरून माणसं माझ्याकडे बघत राहिली. माना वळलेल्या.
मिलिंद धावत आला. "आई, संपतच आलं होतं गं! थोडंसंच राहिलं होतं!"
म्हटलं, माहीत आहे.
"मी तुझ्यासाठी केलं."
"तेही माहीत आहे."
त्याचा चेहरा पडला. बापासारखा दिसला. मला दया आली नाही, हे लिहून ठेवते.
भावोजी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "डोक्यावर परिणाम झालाय वहिनींच्या." मग मला, हळू, "भांडी सकाळी आठाला समाजमंदिरात. तेवढं तरी नीट करा."
मिलिंद जेवला नाही. संध्याकाळच्या गाडीने गेला. आत्ता तिकडे साहेबांच्या मिसेस ऐकत असतील.

१७ फेब्रु., सोम.
मंडळाची भांडी मागच्या दारी खरकटीच ठेवली, निळी साडी नेसले, कुलूप लावलं आणि सकाळच्या मुंबईच्या गाडीत बसले. तिकडे आज पुन्हा तेच वाजणार. तिकीट गाडीचं आहे. दुसरं नाही.