दंडातला काटा

सर, तुमच्यावर चिडले आहे म्हणून लिहायला बसले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की हा राग कुठे नेऊन टाकावा तेही कळत नाही. शिरपूरच्या शाळेत, आठवीत, मी फळ्यापाशी उभी राहून प्रकाशसंश्लेषणाची व्याख्या एका दमात म्हणून दाखवली आणि शाबासकीची वाट बघत राहिले. तुम्ही खडू टेबलावर आपटलात. "हे त पुस्तकानं सांगतलं. तू काय सांगतं? घरी जाऊन मायले काय सांगशीन?" वर्ग खदाखदा हसला. मी रडवेली होऊन म्हटलं, झाडाचं पान उन्हावर सयपाक करते. "आता समजलं तुले," तुम्ही म्हणालात. "मायले सांगता आलं नाई, त तुलेच समजलं नाई असं धर." तेव्हापासून मी हा नियम पाळत आले, आणि गेल्या आठवड्यात त्याने मला पुरतं अडकवलं.

त्याच वर्षी मैदानात माझ्या टाचेत बाभळीचा काटा रुतला होता. तुम्ही सुईने तो काढलात, माझ्या तळहातावर ठेवलात आणि खिशातलं भिंग दिलंत. ते परत मागितलं नाहीत. आज ते नागपूरला माझ्या टेबलावर आहे. तिथल्या यंत्रांपुढे त्याचा काही उपयोग नाही, पण असतं. मी तिथे कोरोनाच्या स्पाइक प्रथिनावर काम करते. विषाणूच्या अंगावर टोकं असतात, त्यांनी तो आपल्या पेशीला धरतो, त्यातल्या एका टोकाची एक घडी कशी उघडते-मिटते एवढंच माझं काम. लस आली तेव्हा मायने फोनवर विचारलं, त्यात असते तरी काय? मला तुम्ही आठवलात. म्हटलं, "माय, त्या विषाणूच्या अंगावर काटे रायते. लस घेतली का आपलं शरीर तसाच काटा बनवते अन् त्याले ओयखून ठेवते. मंग खरा आला का धरते त्याले." माय "बरं" म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी जाऊन लस घेऊन आली. मी प्रयोगशाळेत सगळ्यांना सांगत सुटले, स्पाइकसाठी आमच्याकडे किती सोपा शब्द आहे ते.

गेल्या आठवड्यात भावाचा फोन आला. मायला गावातलं कुत्रं चावलं, पोटरीला. जखम धुतली, पण मालेगावच्या दवाखान्यात यायला ती तयार नाही. "मनते, पयलाच काटा अजून निंघाला नाई, दुसरा कायले घालून घेऊ." मला आधी काही कळेना. मिळेल ती गाडी पकडून गावी गेले. माय चुलीपाशी पोळ्या लाटत होती. तिच्या दंडावर, लस टोचली तिथे, रुपयाएवढा काळा, जळका डाग.

"रुईचा चीक लावतो," ती म्हणाली. "काटा रुतला का चीक लावला त पिकून भाईर येते. हा कायचा आहे कोण जाणे, येतच नाई. खांदा दुखून राह्यला तवापासून."

"मले सांगतलं काहून नाई?"

"तू त्याच्यातच काम करतं. तुले वाईट वाटलं असतं."

सर, मी ओरडले तिच्यावर. काटा नाहीच आहे तिथे म्हणाले, अडाणीपणा आहे म्हणाले, वेळ गेली तर पुढे उपाय नाही म्हणाले. तिने लाटणं थांबवलं नाही. "तूच त सांगतलं," एवढंच म्हणाली. प्रथिनाच्या त्या एका घडीमागे मी माझी उमेदीची वर्षं घातली. आम्ही तिचं चित्र पुरं करतो तोवर विषाणू ती घडी बदलून मोकळा होतो, की पुन्हा पहिल्यापासून. लिहायचं तेही अंग चोरून, "असे दिसते", "शक्यता नाकारता येत नाही". मी त्या काट्याचा एकेक अणू ओळखते, आणि माझीच माय त्याच काट्यापायी कुत्रं चावून घरात बसली होती.

मग तिने विचारलं, "या कुत्र्याच्या सुईत असते का काटा?"

नाही म्हणून टाकलं असतं की संपलं होतं. भाऊ दाराशी गाडीची किल्ली घेऊन उभाच होता, डोळ्यांनी मला तेच सांगत होता. पण रेबीजच्या विषाणूलाही अंगभर काटे असतात, आणि लस शरीराला तेच दाखवते. त्या क्षणी मी तुम्हाला मनातल्या मनात काय काय म्हटलं ते लिहीत नाही. "असते," म्हटलं.

ती पुन्हा पोळीकडे वळली. फडताळात संक्रांतीचा डबा दिसत होता. माय दर वर्षी तिळावर थेंबथेंब पाक सोडून, परातीत हाताने फिरवत हलवा करते, आणि त्याला काटा आला की आम्हाला हाक मारून दाखवते. मी डबा उतरवला, एक दाणा तिच्या हातावर ठेवला. म्हटलं, "हा काटा, माय. लाकडाचा नाई. शरीर त्याले पायते, ओयखते अन् थोड्या दिवसात मोडून टाकते. रायतच नाई तो." तिने दाणा जिभेवर ठेवला. तो पुरता विरघळू दिला.

"मंग तवाच हलवा मनाले काय झालतं तुले?" ती म्हणाली. "मी आपली बाभयीचा समजली."

पिठाचे हात धुऊन तिने लुगडं नीट केलं. दाराशी जाऊन परत फिरली आणि दंड माझ्यापुढे धरला. "एकडाव पाहून सांग. गेला ना?" मी अंगठ्याने तो काळा डाग दाबला, भोवतीनं दाबला. "गेला," म्हटलं. सगळे शोधनिबंध चाळून मी तिथे "बहुतेक" लिहिलं असतं, पण ते म्हटलं नाही. तिने मालेगावला जाऊन सुई घेतली, पुढच्याही घेणार आहे. खांदा अजून दुखतोच, तो शेतातल्या निंदणाने दुखतो, हे ती आता ऐकते.

हे पत्र कुठे टाकायचं नाही हे मला ठाऊक आहे, म्हणून एक सांगते. तिचा दंड दाबताना मी तिचं समाधान करत नव्हते, सर. मी काटा चाचपत होते.