उन्हातली न्याहारी

२ डिसेंबर, नरडाणा

आज रुजू झालो. आनंदाने, असे लिहायला हरकत नाही. जळगावच्या एका दैनिकाचा वार्ताहर म्हणून आयुष्यभर इतरांच्या उद्घाटनांना हजर राहिलो. आज प्रथमच माझ्यासाठी कोणी नारळ फोडला, तोही नासका निघाला. दैनिकाने गेल्या वर्षी जिल्हा आवृत्ती गुंडाळली, तिच्यात मीही गुंडाळला गेलो. आता या सरकीच्या तेलाच्या कारखान्यात मी रात्रपाळीचा कल्याण अधिकारी आहे. काम एवढेच, की रात्री जागणाऱ्यांचे खाणे-झोपणे सुधारायचे, म्हणजे पहाटे त्यांच्या माना यंत्रावर पडणार नाहीत. तीन महिने नीट काढले तर जळगावच्या कचेरीत दिवसाची जागा कबूल झाली आहे. मग पिंप्राळ्यातले माझे घर, माझी खुर्ची आणि उजेडात जेवण. त्यासाठी हा वनवास.

खोली कंपनीची आहे. एक खिडकी, पुढे ओटा, दाराला कावीळ झाल्यासारखा पिवळा रंग. सविताने, म्हणजे माझ्या पत्नीने, कळण्याच्या भाकरीचे ज्वारी-उडदाचे पीठ, शेव आणि ठेच्याची बरणी बांधून दिली. ठेच्यात मीठ जास्त झाल्याचे मी तिला निघतानाच सांगितले. चाखला नव्हता; पण इतक्या वर्षांच्या संसारात अंदाज बांधता येतो.

४ डिसेंबर

कामगारांचे रात्रीचे जेवण पाहिले. मिरचीची भजी, पाव, आणि पाकासारखा चहा. त्यानंतर सगळ्यांचे चेहरे भाजलेल्या वांग्यासारखे खाली बसतात, ते वर काढायला पुन्हा चहा. संस्कृतात रात्री हिंडणाऱ्याला जो शब्द आहे तोच राक्षसालाही आहे. पण राक्षसांच्या आहारात निदान प्रथिने असत.

सकाळचा प्रकार तर त्याहून थोर. भोंगा झाला तरी कोणी घरी जात नाही. पूर्वेकडे तोंड करून सगळे कुंपणाच्या भिंतीला टेकून बसतात, डबे उघडतात आणि ऊन तोंडावर घेत न्याहारी करतात. जात नाही, धर्म नाही, पगार नाही, सगळे एका रांगेत. याला म्हणे ‘रात उतरवणं’ म्हणतात. ओला सदरा उतरवावा तशी. कँटीनच्या रुक्माबाईंनी मला बोलावले, की नाना, या, बठ्ठं ऊन तुमनंच शे, म्हणजे सगळे ऊन तुमचेच आहे. मी विचारले, नाही बसलो तर? पाळीचा सुपरवायझर शकील धुळ्याचा, बोलण्यात तरबेज. तो म्हणाला, दिवस वाया जात नसतो नाना, तुम्ही नाही घेतला तर दुसरा कोणी घेऊन जातो. रुपचंद नावाचा एक फिटर असाच न बसता थेट झोपायला जायचा. मी म्हटले, मग मेला का? छे, म्हणे, तब्येत सुधारली, दारू सुटली, बायको एकदम खूश आहे. मग भ्यायचे कशाला, असे मी विचारल्यावर भिंतीलगतचे सगळे आपापल्या डब्यात पाहू लागले.

एवढ्या माणसांना एकाच वेळी एवढे अज्ञान पुरवायचे म्हणजे निसर्गाला किती उत्पादन करावे लागत असेल!

७ डिसेंबर

फलक लावला. मुख्य जेवण मध्यरात्रीआधी: भाकरी, मटकीची उसळ, ताक. नंतर भूक लागली तर भाजलेले हरभरे आणि पाणी. पाळीच्या उत्तरार्धात चहा बंद. सुटल्यावर डोळ्यांना काळा चष्मा, कारण सकाळचे ऊन झोप पळवते. खोलीत संपूर्ण अंधार. उठण्याची वेळ रोज एकच.

फलक वाचून शकीलने विचारले, नाना, यात हसायचं कधी ते लिहिलं नाही. असल्या माणसांसाठी विज्ञान राबते!

प्रयोग स्वतःपासून सुरू केला. खिडकीला आतून काळा कागद चिकटवला, त्यावर माझ्या दैनिकाचे जुने अंक. माझ्या लेखनाचा समाजाला प्रथमच प्रत्यक्ष उपयोग झाला. सकाळी काळा चष्मा लावून भिंतीजवळून सरळ निघून आलो. मागून कोणीतरी विचारले, साहेबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं का? मी मान वळवली नाही. खोलीत असा अंधार, की हात डोळ्यांसमोर धरला तरी तो माझा आहे हे मानून घ्यावे लागत होते. उत्तम झोप लागली.

११ डिसेंबर

पोट हलके, डोके तल्लख. पाळीत इतरांच्या माना डुलत असताना मी ताठ. पद्धत सिद्ध होत आहे.

एक गंमत. रुक्माबाईंनी आज मला मेथीच्या भाजीची वाटी आणून दिली. म्हणे, सकाळी तुम्ही एवढी वाखाणली म्हणून पुन्हा केली. मी सकाळी त्यांच्यात नव्हतो, असे सांगितले. त्या पदराआड हसल्या. काय नाना, म्हणाल्या, माझ्याशेजारी तर बसले होते, शकीलभाऊंच्या डब्यातला खिमा मागून घेतला, अन् केवढे जोक सांगितले!

मी खिमा खात नाही. जोक तर त्याहून नाही. साखर आणि जागरण यांनी माणसाची दृष्टी कुठवर जाते याचे हे उदाहरण फलकावर घालावे म्हणतो.

१५ डिसेंबर, रविवार

पट्ट्याला नवे भोक पाडले. उसळ खातो, पण ती जाते कुठे कळत नाही. चव माझ्या जिभेपर्यंत येते आणि दारातूनच परत जाते.

सविताचा फोन. आवाज निराळा, मऊ. तिने विचारले, शुक्रवारी इथून निघालात ते पोचलात ना नीट? शुक्रवारी मी दुपारभर या खोलीत झोपलो होतो. ती म्हणाली, की मी दुपारच्या गाडीने पिंप्राळ्याला गेलो, जेवलो, तिच्या मेथीला छान झालीय म्हणालो, ताटही स्वतः उचलले.  मग म्हणाली, मी आत जाऊन रडले होते, तुम्हाला दिसलं का?

मी तिला स्पष्ट सांगितले, तो मी नव्हतो. छान झालीय हा माझा शब्दच नव्हे, हे तिला तरी कळायला हवे.  मग म्हणाली, पुढच्या रविवारी मीच येते, असोद्याची वांगी आणून भरीत करते, मग बघू.

ठीक. बघू. कोणी भामटा असेल तर सविता त्याला पहिल्या घासाला ओळखेल. मी तिच्या भाजीला कधीही बरे म्हटलेले नाही. यापेक्षा पक्की ओळखखूण कोणत्या नवऱ्याकडे असते?

१८ डिसेंबर

काल उठलो. मोबाईलवर दुपार. दार उघडले तर बाहेर रात्र. चांदण्या होत्या, मालट्रकचे दिवे होते. मोबाईल बिघडला असे मानून कारखान्यात गेलो. दिवसाचीच पाळी चालू होती. कोणी विचारले नाही, की नाना, लवकर कसे आलात?

आता लिहितो ते काल मी स्वतः छापले नसते.

रात्रपाळी सुटल्याचा भोंगा झाला. मी हट्टाने भिंतीकडे गेलो, चष्मा काढून खिशात ठेवला. पुरे झाले, एकदा बसून यांची समजूत काढावी म्हटले. मला सगळीकडे काळोख. पण ते सगळे रांगेत बसलेले, डोळे बारीक केलेले. रुक्माबाईंनी कपाळावर हाताची सावली धरली होती. शकीलच्या गालावर घाम चमकत होता. कशाने चमकत होता?

रांगेत एक पाठ माझ्या स्वेटरची. मी घातलेल्या याच स्वेटरची. भरलेली, निरोगी पाठ. तो काहीतरी म्हणाला आणि सगळे हसले. मी एवढ्या वर्षांत एवढ्या माणसांना एकदम हसवलेले नाही.

शकीलला हाक मारली. त्याने माझ्याकडे पाहिले नाही. डब्यातच बघत हळू म्हणाला, जागा नाही नाना आता. पैल्याच दिवशी बसवत होतो ना.

अडाणी माणसे. अडाणी—

२० डिसेंबर

कागद फाडला. अंक फाडले, काळा कागद फाडला, काचही फोडली. पलीकडे तोच काळोख, चौकटीला चिकटवल्यासारखा.

कोंबडा ऐकला. शाळेची घंटा ऐकली. कपडे वाळत घालताना शेजारीण कोणाशी तरी भांडत होती, की ऊन गेलं तुझ्या पायी. सगळे ऐकू येते. फक्त—

भूक अशी, की ठेच्याची बरणी पुसून खाल्ली. मिठाचा पत्ता नाही. मीठ जास्त नव्हते. कदाचित कधीच—

हे खोडावे. अशक्तपणाने माणूस काहीही लिहितो.

२२ डिसेंबर, रविवार

रविवारच. गाडीची शिटी ऐकली. सविता येईल. तेवढेच उरले आहे.

दाराशी बसलो आहे. कडी काढली, दार हलत नाही. मोबाईलच्या उजेडात लिहितो, तोही—

रिक्षा थांबली. तिच्या चपला. ओट्यावर पिशवी ठेवली. आणि माझा आवाज, बाहेरून: ये, दमलीस का, ऊन लागलं असेल, पाणी देऊ? मी तिला पाणी कधी—

दार ठोकले. ओरडलो. ती म्हणाली, आत काहीतरी वाजतंय. तो म्हणाला, उंदीर असतील, खोली जुनी आहे. हसला. माझे हसणे असे आहे हे मला ठाऊक नव्हते.

डबा उघडला. वास येतो. भाजलेल्या वांग्याचा, पातीच्या कांद्याचा. इथवर येतो आणि—

आता. आता तो घास घेईल. सविता, लक्ष दे. मी असतो तर काय म्हणालो असतो, तुला ठाऊक आहे. मीठ म्हणालो असतो.

घेतला.

म्हणाला, असं भरीत मी जन्मात खाल्लं नाही गं.

तिचा चमचा थांबला आहे. मी पुन्हा दार ठोकले, एकदाच, हळू. जेवताना नावडले की ताटावर बोट वाजवतो, तसे. तिला ती खूण ठाऊक आहे. तिने ऐकले. पाऊल दाराकडे आले. दाराला हात लागला. तिचा श्वास, लाकडाच्या पलीकडे, अगदी—

तिने ओळखले. नक्की ओळखले. ती इथे उभी आहे आणि तिला सगळे—

हात निघाला.

पाऊल मागे गेले. बांगड्या वाजल्या, ती खाली बसली.

आता ती त्याला म्हणते आहे, की थांबा, आणखी वाढ