दादाच्या हातची भिंत

किल्ल्याचं आवार,
दि. ११ फेब्रुवारी

तीर्थरूप वहिनीस,
धाकट्याचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आणि तुम्ही शिवलेले दोन सदरे, दोन्ही पोचलं. एका सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंतच येतात. सहा वर्षांचा होतो तेव्हा तुम्ही आमच्या घरात आलात आणि मला नाहायला घालायला लागलात, तेच माप अजून तुमच्या डोळ्यांपुढे असावं. तरी घालतो. इथे कोण बघतंय!

डोंगरावरच्या पडक्या देवळाचं जोतं परवा बसवून झालं. छप्पर नाही, खांब निम्मे, पण पायऱ्या आता सरळ झाल्या. तिथून सगळं शहर दिसतं, त्याच्या कडेकडेने जुने बुरूज, कोरडा तलाव आणि खाली आपला किल्ला. यातल्या निम्म्या जागी दादाने काम केलेलं आहे. नव्या पोरांना दाखवतो, तर ती जांभया देतात.

आता मुद्द्याचं. चार दिवस कागद पुढ्यात घेऊन बसतोय, पण हात धजत नाही. किल्ल्याच्या दरवाजाशेजारची दादाची भिंत फुगली आहे. त्याची शेवटची भिंत ती, तुमचा जीव तिच्यात किती आहे ते मी जाणतो, म्हणून दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच लिहितो. मधोमध पोट सुटलंय. सांध्यांत सगळं सिमेंट आहे. किल्ल्याची जुनी भिंत चुन्याची, ती आतलं पाणी हळूहळू बाहेर सोडते. सिमेंटने ते आत कोंडलं आणि मागचा दगड कुजला. कामावरच्या मुख्य बाई म्हणतात की उतरवून नव्याने रचण्यावाचून इलाज नाही. मीही बघितलं. त्या खोटं बोलत नाहीत.

आपल्या घराची रीत तुम्हाला ठाऊक आहे. ज्याने रचलं त्याला विचारल्याशिवाय त्याचं काम उकलायचं नाही, तो नसेल तर त्याच्या घरच्या माणसाला विचारायचं. वडिलांनी ती दादाला सांगितली, दादाने मला. म्हणून विचारतो आहे, वहिनी. उतरवू का?

ठमीला आशीर्वाद. माझ्यावरची माया या पत्राने कमी होऊ देऊ नका.

तुमचा,
धाकटा

—

दि. २० फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पत्र वाचलं आणि मशीन बंद करून बसले. शाळेच्या गणवेशांचा ढीग समोर आहे, पण सुईत दोरा जाईना.

विचारतोस कशाला? तुझं ठरलंय तर सगळं. ओळंबा कसा धरायचा हे ज्यांनी तुला शिकवलं, त्यांच्या कामाला आज तू नावं ठेवतोस! दोन बुकं शिकलेली बाई आली, तिने मान हलवली की तुम्ही लागलात नंदीबैलासारखे माना डोलवायला. यांनी बांधलं तेव्हा कुठे होत्या या बाई? बघणारे तोंडात बोट घालायचे. एका हिवाळ्यात एवढी भिंत उभी केली म्हणून साहेब लोकांनी पाठ थोपटली होती. ते सगळं आता चूक झालं होय रे?

माझ्याकडे यांचा धड फोटो नाही. एक आहे, त्यात डोळे मिटलेले. आवाज कसा होता तो ठमीला आठवेनासा झालाय, मला सांगत नाही पण मला कळतं. उरलंय काय माझ्याकडे? ती भिंत. वर्षातून एकदा येते, तिला हात लावते, मनातलं बोलते आणि परत जाते. लोकांना वेडेपणा वाटेल, वाटू दे.

मी जिवंत आहे तोवर तिला पहार लागता कामा नये. रीतीप्रमाणे विचारलंस ना? मग रीतीप्रमाणे ऐक. माझं उत्तर नाही असं आहे.

सदऱ्याच्या बाह्या तुझ्याच मापाच्या आहेत. तूच धुताना आखडवल्या असणार. रागावले आहे म्हणून उपाशी राहू नकोस, वेळेवर जेव.

आशीर्वाद आहेतच, रागातसुद्धा.

तुझी वहिनी

—

किल्ल्याचं आवार,
दि. २ मार्च

तीर्थरूप वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचा शब्द मी मोडलेला नाही. भिंतीला कुणी हात लावलेला नाही. पण काल सकाळी वरच्या थरातले दोन दगड आपण होऊन खाली आले.

दरवाजासमोर चहावाल्याचं बाकडं असतं. त्याचा चुराडा झाला. चहावाला दूध आणायला गेला होता, गिऱ्हाईक अजून कुणी नव्हतं, म्हणून वाचले. त्याच वाटेने रोज शाळेची पोरं जातात. ती यायला थोडाच अवकाश होता. मी धावत गेलो तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. आता वाट बंद करून दोरी बांधली आहे. पण लोक दोरीखालून वाकून जातात, किती जणांवर ओरडायचं?

बाईंना मी तुमचं उत्तर सांगितलं. त्या हसल्या नाहीत की चिडल्या नाहीत. महिनाअखेरपर्यंत थांबते म्हणाल्या. त्यानंतर बाहेरची माणसं यंत्र घेऊन येतील. मग एक दगड अख्खा राहायचा नाही.

तुम्ही नाहीच म्हणालात तर मी बाजूला उभा राहीन. मी तुमच्या शब्दाबाहेर नाही. पण उद्या तो दगड कुणाच्या पोराच्या डोक्यात पडला तर लोक त्या भिंतीला काय म्हणतील? दादाचं नाव घेऊन म्हणतील, वहिनी. ते मला ऐकवणार नाही.

आणि एका गोष्टीचा उलगडा होत नाही. दादाला चुना कळत नव्हता असं थोडंच आहे? चुना कसा भिजवायचा, किती मुरवायचा हे मला त्यानेच शिकवलं. कुणी सिमेंटचं नाव काढलं तर तो शिव्या द्यायचा. त्या हिवाळ्यात मी वरच्या देवळावर होतो, माझं इकडे येणंच झालं नाही. त्याने असं का केलं असेल, हे रोज भिंतीकडे बघून विचारतो.

काही चुकीचं लिहिलं असेल तर पोटात घाला.

तुमचा,
धाकटा

—

दि. ८ मार्च

ती. काकांस,
ठमीचा सा. न.

घाईत लिहिते, वॉर्डात जायचंय. तुमचं पत्र आल्यापासून आई माझ्याशी दोन शब्दांच्या वर बोललेली नाही. गणवेश अर्धवट पडलेत. मशीनवर चादर घातली आहे. काल मी म्हटलं की काकांचं बरोबर असेल, तर जेवणाचं ताट उचलून आत गेली.

आज सकाळी उठून बघते तर पिशवी भरलेली. उद्याच्या गाडीने तिकडे येते आहे. मी सोबत येऊ का विचारलं, तर म्हणाली की दवाखान्यात लोक मरतायत तिथे लक्ष दे. काका, तिच्याशी वाद घालू नका. घातलात तरी हरणार तुम्हीच. गुडघे दुखतात तिचे, पण ते ती कबूल करणार नाही. पायऱ्यांवर हळूच मागे राहा.

बाबांच्या भिंतीचं मलाही वाईट वाटतं. पण चहावाल्याच्या बाकड्याचं वाचल्यापासून मला झोप नाही.

तुमच्या मायेतली,
ठमी

—

किल्ल्याचं आवार,
दि. १५ मार्च

चि. ठमीस,
अ. आ.

तुझी आई उद्या सकाळी तिकडे पोचेल. त्याआधी तुला सगळं कळावं म्हणून हे पत्र तिच्याच हाती पाठवतो आहे. तिने वाचलं तरी चालेल.

वहिनी आल्या त्या मला ओलांडून तडक भिंतीपाशी गेल्या. पहारेकरी ओरडला, तरी दोरीच्या आत शिरल्या. भिंतीला पोट सुटलंय तिथे तळहात टेकवून बराच वेळ उभ्या राहिल्या. मग मला म्हणाल्या, ओळंबा सोड. मी वर चढून सोडला. दोरी त्यांनी स्वतः धरली आणि भिंत तिच्यापासून किती पुढे आली आहे ते बघितलं.

मग बाई आल्या. वहिनींनी त्यांना विचारलं, चुन्यात बांधली असती तर कधी पुरी झाली असती? बाई म्हणाल्या, थर घालायचा, ओला ठेवायचा, थांबायचं, मग वरचा थर. एवढ्या उंचीला दोन वर्षं तरी लागली असती.

हे ऐकून वहिनी पायरीवर बसल्या. म्हणाल्या, त्या हिवाळ्याच्या आधी डॉक्टरांनी यांना सांगितलं होतं की छातीत दगडाची धूळ बसली आहे, वर्ष निघालं तर नशीब. आपल्या खोलीचा जिना दादाला एका दमात चढवत नव्हता. तरी तो म्हणाला की ही भिंत याच हिवाळ्यात पुरी करतो, आणि वहिनींना वाटलं की अजून अंगात जोर आहे यांच्या. त्या खूश झाल्या होत्या. आता कळलं म्हणाल्या. यांनी माहीत असून केलं. चुन्यासाठी थांबायला यांच्याकडे दिवस नव्हते.

मग त्या दादावर रागावल्या गं. इतक्या की चहावालासुद्धा उठून बाजूला गेला. म्हणाल्या, अर्धी ठेवून घरी आले असते तर माझं काय बिघडलं असतं? मला भिंत हवी होती का? आणि मोठ्याने रडल्या. दादा गेला तेव्हाही मी त्यांना असं रडताना बघितलं नव्हतं. मी शेजारी जाऊन बसलो.

डोळे पुसून म्हणाल्या, उतरव. उद्या नको, आजच. वरचा पहिला दगड खाली येईपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत.

तिला आठवडाभर मशीनला हात लावू देऊ नकोस. आशीर्वाद, आणि काकाची आठवण ठेव.

तुझा काका

—

किल्ल्याचं आवार,
दि. १९ एप्रिल

तीर्थरूप वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

भिंत सुखरूप उतरली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. चहावाल्याने नवं बाकडं केलंय आणि मला उधारी बंद केली आहे, म्हणजे सगळं मूळपदावर आलं.

सगळे दगड आवारात मांडले आहेत. दादाने घडवलेला दगड मला लांबून ओळखू येतो. त्याच्या टाकीचे घाव तिरके आणि अगदी एकसारखे असतात. चूक सांध्यांत होती, दगडांत नाही. म्हणून मी ठरवलंय की हेच दगड परत लावायचे, या वेळी चुन्यात. बाई म्हणतात की नवे घडवा, सिमेंट सुटता सुटत नाही, दगड फुटतात. खरं आहे, बरेच फुटले. पण बाकीच्या माणसांना मी हातच लावू देत नाही. एकटा बसून एकेक दगड साफ करतो, सुट्टीच्या दिवशीही. पाणी मारलं तर छिन्नी घसरते, म्हणून कोरडेच फोडतो. तोंडाला फडकं बांधलं की गुदमरतं, ते सोडून दिलं. आवाज थोडा बसलाय आणि खोकला आहे. धूळच ती, जाईल.

तुमच्या भिंतीचे जेवढे दगड वाचवता येतील तेवढे वाचवीन. तुम्ही मोठ्या मनाने हो म्हणालात, त्यापुढे हे काहीच नाही.

माझ्यावर लोभ आहेच, तो असाच राहावा.

तुमचा,
धाकटा

—

दि. २४ एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

हे पत्र मिळेल तिथे छिन्नी खाली ठेव. पुढचं नंतर वाच.

ठेवलीस? तुझं पत्र ठमी मला वाचून दाखवत होती. खोकल्यापाशी आली आणि थांबली. ‘धूळच ती, जाईल.’ अरे गाढवा, हेच वाक्य मी याच घरात वर्षानुवर्षं ऐकलं. हे असंच हसत हसत म्हणायचे. मीही ऐकून घ्यायची आणि गरम पाणी द्यायची. आता मी ऐकून घेणार नाही.

फेब्रुवारीत मी तुला लिहिलं होतं की त्या भिंतीला हात लावू नकोस. तेव्हा रागात होते. आज शांतपणे लिहिते आहे. ते दगड जाऊ देत. एकही नको मला. फुटू देत, खड्ड्यात भरा, रस्त्याला टाका. त्यावरचे घाव बघून तुझा जीव गलबलतो हे मला कळतं, माझाही गलबलतो. पण त्या घावांची धूळ कुठे गेली ते मी पाहिलंय. त्या भिंतीला मी एक माणूस दिला. दुसरा देणार नाही.

बाई म्हणतात तसे नवे दगड आणा. पाणी मारून घडव, तोंडाला बांधून घडव, गुदमरलं तर उठून बाहेर जा. चुना जितका वेळ घेईल तितका घेऊ दे. दोन वर्षं लागोत, चार लागोत. मी दरवर्षी येईन आणि जेवढी झाली असेल तेवढ्या भिंतीला हात लावून जाईन. ती तुझ्या हातची असेल, तेवढं मला पुरे.

ठमीने तिच्या दवाखान्यात छातीच्या डॉक्टरांना सांगून ठेवलंय. येत्या सोमवारी ये. कामाची सबब सांगू नकोस. नाही आलास तर मी गुडघे घेऊन तिथे येईन आणि सगळ्या गवंड्यांदेखत तुझा कान धरून घेऊन जाईन.

दरवेळी शेवटी लोभाचं लिहायचं असतं. आज ते लिहीत नाही. तू असावास, एवढंच लिहिते.

तुझी वहिनी