जाणाऱ्याला ‘कुठं’ म्हणू नये

सोमवार, वैशाख. दिवेलागण.

नातू आन नातसून सकाळी मोटारसायकलीवर आठ दिवसांच्या फिरतीला निघाली. गड बघणार, देवळं बघणार. सूनबाई म्हणाली, “आरं पण, कुठं…” तोच मी खेकसले, “जाणाऱ्याला कुठं म्हणू नगं, अपशकुन हुतोय!” नातसून हसली, “बरं झालं आजी. ह्यांनाच अजून ठावं न्हाई.”

दुपारी उंब्रजहून फोटू आला. दोघं उसाचा रस पित्यात, हेल्मेट हँडलला टांगलेलं. डोस्कं काय घरी ठिवलंय? तवापास्नं दोघांचं फोन बंद. ऊन तर असं, की कावळा बी झाड सोडंना.

ल्योक म्हनतोय, चार्जिंग संपलं आसंल. दोघांचं बी? एकदमच? आन ते हेल्मेट, डोस्क्यावर चढवलं आसंल, का अजून हँडललाच हाय?

सूनबाई सारखा फोन लावतीया, आन बंद लागला की माझ्याकडं बघतीया. त्यापरीस भांडली असती तर बरं झालं असतं.

आत्ता ल्योक त्यांना हुडकायला जीप सुरू करून दारात उभा हाय. “आई, उंब्रजच्या पुढं कुठं जाऊ?”

जाणारा सोताच ‘कुठं’ म्हणाला, तर काय करायचं, ते मला कुणी शिकवलंच न्हाई.