साखळीतला माझा तास

उज्जैन,
मंगळवार, २ सप्टेंबर २०२५

प्रिय रजनीवहिनी,

तुम्हाला आणि दादाला माझा आणि प्रसादचा सलाम. हातात फोन असताना ही बाई पत्र कसलं लिहीत बसली, असं तुम्ही म्हणत असाल. फोनवर माझा आवाज आपोआप गोड होतो, वहिनी. कागदावर तेवढं जमत नाही, म्हणून कागद घेतला.

इकडे सगळं ठीक. प्रसाद रेल्वेतून रिटायर झाल्यापासून माझ्या स्वयंपाकघरातले डबे लावत असतो. परवा हिंगाच्या डब्यात सोडा निघाला, म्हणजे निघाला तो फोडणीत पडल्यावरच. माझे गुडघे कुरकुरतात, पण चर्चच्या पायऱ्या अजून चढते. दादा बिनमिठाची भाजी मुकाट्याने खातो का, की अजून तोंड वाकडं करतो? देवासला पाऊस कसा आहे? इथे श्रावणभर गर्दीने जीव नकोसा केला. महाकालच्या पालखीच्या सवारीसाठी अर्धे रस्ते बंद, ऑटो मिळायची मारामार. दादाच्या ऑपरेशनच्या दिवशीसुद्धा मी फ्रीगंजमध्ये अशीच अडकून पडले होते.

दादा बरा झाला म्हणून रविवारी इथल्या चर्चमध्ये ठेवलेल्या उपकारस्तुतीची तयारी जोरात चालू आहे. देवाने कसं तारलं ते दादा सगळ्यांसमोर सांगणार, त्या साक्षीसाठी पाळकसाहेबांनी उपदेश लहान करायचं कबूल केलंय, आणि ते काही सोपं नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. गायनमंडळ नव्या साड्या नेसून गाणार आहे. सगळ्या एकसारख्या, पीच रंगाच्या. मीच निवडल्या.

वहिनी, दादाला रविवारी साक्ष देऊ देऊ नका.

तो काय सांगणार ते मला माहीत आहे, कारण ते तुम्हीच मला फोनवर सांगितलंत. ऑपरेशन सकाळचं दुपारवर गेलं आणि तेवढ्यात त्याचा धीर सुटला. ‘मला घरी ने’ म्हणून तो हटून बसला, स्ट्रेचरवर झोपेना. मग त्याने विचारलं, ‘आत्ता कोण बसलंय?’ तुम्ही म्हणालात, ‘तीन वाजले. अलका बसली आहे.’ त्यावर त्याने चष्मा काढून तुमच्या हातात दिला आणि म्हणाला, ‘अलका आहे ना? मग चला.’ सांगताना तुम्ही रडलात. मीही रडले आणि म्हणाले, ‘सगळी प्रभूची कृपा, वहिनी.’

मी बसले नव्हते.

साखळी मीच बांधली होती. सकाळपासून रात्रीपर्यंत मंडळीतल्या एकेकाने आपापल्या घरी तासभर दादासाठी प्रार्थनेला बसायचं आणि पुढच्याला फोन करूनच उठायचं, म्हणजे मध्ये खंड पडायला नको. तीन ते चार हा तास मी स्वतः मागून घेतला होता. आणि वर सवारीचं लिहिलंय ते खोटं आहे. सवारी सोमवारी निघते हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. ऑपरेशन गुरुवारी होतं. रस्ते मोकळे होते. ते वाक्य खोडणार होते, पण राहू दे. माझी सवय तुम्हाला एकदा दिसू दे.

मी फ्रीगंजमध्ये साड्यांच्या दुकानात होते. लावलेला अलार्म वाजला तेव्हा दुकानदार सांगत होता, ‘आंटीजी, पीच में पूरे पंद्रह पीस मिल जाएँगे, सी-ग्रीन में नहीं.’ मी अलार्म बंद केला आणि म्हणाले, ‘पीच खोलो.’ मनात म्हटलं, हेही देवाचंच काम आहे, दोन शब्द ऑटोत बोलून घेऊ. ऑटोत फॉलचा रंग जुळतो की नाही ते बघत बसले.

चारला शर्वरीचा तास होता. साळव्यांची धाकटी, तुम्ही नाताळात पाहिलीत ती. मी ऑटोतूनच फोन लावला. ती म्हणाली, ‘आंटी, मला भीती वाटतेय. पूरा एक घंटा मैं बोलूँगी क्या?’ मी म्हणाले, ‘बैठ जाओ बेटा, सब अपने आप होता है. मुझे तो बहुत शांति मिली.’

हे शेवटचं वाक्य मला कुणी बोलायला लावलं नव्हतं. ते आपणहून तोंडातून निघालं, आणि किती छान निघालं!

तुम्ही म्हणाल, दादा बरा झाला ना, मग कशाला उकरून काढायचं. महिनाभर मीही स्वतःला तेच समजावलं. देव काही माझ्या एका तासासाठी अडून बसला नव्हता. पण मला झोंबतंय ते वेगळंच. त्या दुकानात मला जराही भीती वाटली नाही, वहिनी. मी प्रार्थना केली नाही तर दादाचं काही वाईट होईल, असं मनात आलं नाही. केली तर काही बरं होईल, असंही आलं नाही. डॉक्टर माझ्या सख्ख्या भावाची छाती उघडत होते आणि मला त्या तासाचं काहीच वाटत नव्हतं. तीस वर्षं मी या चर्चमध्ये प्रार्थना करतेय. बाप्तिस्मा असो, लग्न असो, मयत असो, लोक म्हणतात, अलका दीदी से करवाओ. माझ्या प्रार्थनेने बायकांचे डोळे भरून येतात, ते मी किलकिल्या डोळ्यांनी बघूनही घेते. ऐकणारे म्हणजे बाकांवरची माणसं, त्यापलीकडे कुणी ऐकत असेल हे माझ्या गावीही नव्हतं.

पाळकसाहेबांकडे गेले होते. अर्धं सांगितलं तोच ते हसले. ‘दीदी, आप तो हमारी कलीसिया की रीढ़ हैं, इतना मत सोचिए.’ मंडळीचा कणा म्हणे मी! आणि रविवारची शेवटची प्रार्थना माझ्याच नावावर टाकून मोकळे झाले. लाज वाटते सांगायला, पण ते ऐकून मला बरं वाटलं. घरी येईपर्यंत बरं वाटत होतं.

तुमचा तो फोन आल्यापासून मी रोज दुपारी तीनला मागच्या खोलीत जाऊन बसते. प्रसादला वाटलं माझं बीपी वाढलं, तो डॉक्टरची वेळ घ्यायला निघाला होता. पहिल्या दिवशी सवयीने सुरुवात केली, ‘हे सामर्थी और दयालु पिता...’ आवाज जिथे चढायचा तिथे चढला, जिथे कापायचा तिथे कापला, आणि मी आमेनसाठी थांबले. खोलीत इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग होता, दुसरं कुणी नव्हतं. त्या ढिगासमोर मला इतकं ओशाळल्यासारखं झालं की पुढे कितीतरी दिवस तोंडातून शब्द फुटला नाही. नुसती बसायचे आणि उठायचे.

लहानपणी रतलामला आई आम्हा दोघांना एकमेकांसाठी मराठीत प्रार्थना करायला लावायची. मी म्हणायचे, ‘प्रभू, उद्या गणिताच्या मास्तरांनी दादाला मारू नये.’ दादा शेजारून जोरात आमेन म्हणायचा, कारण मार पक्का असायचा. मला मात्र खात्री असायची की कुणीतरी ऐकलंय. दादाने चष्मा काढून दिला तो त्या अलकाच्या भरवशावर. ती अलका कधी उठून गेली, मला कळलंही नाही.

काल एकच वाक्य निघालं, मराठीत. ‘प्रभू, तू आहेस असं मी लोकांना सांगत आले, आता मला भेट.’ आवाज घोगरा होता, त्यात सूर नव्हता. पुढे काही सुचलं नाही. भेटलं कुणी, असंही म्हणणार नाही, आता आणखी खोटं नको. पण हे वाक्य कुणीतरी ऐकावं, असं मला फार वाटलं. इतकं मला कधीच वाटलं नव्हतं.

दादाला सांगायचं की नाही ते तुम्हीच ठरवा, असं लिहून पत्र संपवणार होते. मग लक्षात आलं, म्हणजे पुन्हा फोन करून पुढच्याला बसवणंच झालं. तेव्हा नको. शनिवारी सकाळी नानाखेड्याहून बस पकडून मी देवासला येते. मीच सांगेन. तोवर पत्र त्याला दाखवू नका. माझ्या तोंडून ऐकल्यावर तो रविवारी आला नाही, पुन्हा कधी माझ्याशी बोलला नाही, तरी माझी तक्रार नाही. भीती एकाच गोष्टीची वाटते. तो हसून ‘जाऊ दे गं’ म्हणेल आणि मी तेवढ्यावर परत निघेन. तसं झालं तर तुम्ही मला निघू देऊ नका, वहिनी. रविवारची प्रार्थना मी करणार नाही, हे पाळकसाहेबांना कळवलंय.

पत्राखाली मी नेहमी ‘प्रार्थनेत तुमची आठवण ठेवणारी’ असं लिहीत आले. तुमच्याकडे अशी किती पत्रं असतील! आज ते लिहायला हात धजत नाही. तीन वाजत आलेत, आत जाऊन बसते.

जिचा तास अजून बाकी आहे, ती
अलका