पाहुणीच्या अंगात आमची कानबाई

दीपनगर, श्रावणातला बुधवार

आज सगळ्यात आधी आली झुलाल मिस्तरीची बायको, हातात अर्धा डझन केळी, आणि उंबऱ्यातूनच विचारते काय, तर कुंदाबाई कशा आहेत? मी दारातच बसलेली, तांदूळ निवडत. मला ओलांडून आत गेली. तिच्यामागे आमच्या क्वार्टरांच्या लाइनीतल्या आणखी चौघी, त्याही ओलांडून. पण थांब, आधी रीत. चि. सौ. सुनंदास इंदिराअक्काचे पोटभर आशीर्वाद. तुझी आणि पुनाभाऊंची तब्येत बरी असेल, अमळनेरला नळाला पाणी येत असेल. इकडे मी खुशाल आहे (कोणी विचारत नाही, म्हणून आपणच लिहिलं).

कुंदाबाई म्हणजे माझी विहीण, सूनबाई लताची आई. वैशाखात धुळ्याला तिच्या गळ्याची गाठ काढली. गाठ गेली, पण गाठीला चिकटून ज्वारीच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात म्हणे, त्याही निकामी झाल्या. त्या रक्तातलं कॅल्शियम सांभाळतात. आता त्या नाहीत, तर जन्मभर कॅल्शियमच्या गोळ्या खायच्या आणि सोबत डी जीवनसत्त्वाची कॅप्सूल, म्हणजे ते कॅल्शियम अंगाला लागतं. दुखण्याचं नाव एवढं लांब की भुसावळ टेशनात मालगाडी निघावी, डबे संपतच नाहीत. लता ते नाव न अडखळता म्हणते. माझ्या दुखण्याला ती नुसतं "वय झालं" म्हणते.

लेकीने सांभाळावं म्हणून कुंदाबाई दोन महिन्यांपासून आमच्याकडे आहे. माझ्या भाईदासने गजराचं घड्याळ आणलं. ते वाजलं की लता तव्यावरची पोळी टाकून गोळी द्यायला धावते (जळलेली पोळी कोणाच्या ताटात येते ते लिहीत नाही). मी एकदा डॉक्टरांना विचारलं, कॅल्शियम म्हणजे चुनाच ना, तो तर मी चाळीस वर्षं पानाला लावून खाते, माझ्यासाठी कोणी गजर लावला? ते म्हणाले, आजी, तो चुना ह्या गोळीची जागा घेत नाही, तिला भलतंच काही देऊ नका. रक्त तपासून माप ठरवलंय, कमी झालं तर हात वळतील, जास्त झालं तर मूत्रपिंड बिघडेल. बघ, तिच्या गोळ्यांनासुद्धा माप आहे. माझ्याकडे बघून त्यांनी नुसतं हसून घेतलं.

आता खरी गोष्ट. धुळ्याहून आणलेल्या गोळ्या मागच्या बुधवारी संपल्या. भाईदास वीजकेंद्रातली रात्रपाळी करून आला, डोळा न लावता भुसावळला गेला आणि सासूच्या गोळ्या घेऊन आला. माझा जीव जळला गं. मिस्तरीची बायको समोर होती, तिला मी म्हटलं, जावई असावा तर असा, आईचं काय, ती आपोआप जगते. कुंदाबाई आत दाराआडच मेथी निवडत होती. त्या दिवसापासून गजर झाला की हसून गोळी हातात घ्यायची, वर पाणी प्यायची. मला वाटलं, बाई सुखात आहे.

रविवारी आमच्या कुळाची देवी, कानबाई, घरात बसली. नैवेद्याचे रोट झाले, देवी म्हणून मांडलेल्या नारळाला नथ घातली, बायका गाणी म्हणायला जमल्या. कुंदाबाई दुसऱ्या कुळाची, तिला आपले रोट चालत नाहीत, म्हणून बिचारी कोपऱ्यात बसलेली. दुपारी गाणं रंगात आलं आणि तिचे ओठ थरथरायला लागले. दोन्ही हात मनगटात वळले, बोटं ताठ होऊन एकत्र आली, डाळीत चिमूटभर मीठ टाकताना होतात ना, तशी. मिस्तरीची बायको उठलीच. म्हणे, कानबाई उनी व माय, हिच्या अंगात आली. झालं. हळद-कुंकू, ओवाळणं, आणि प्रश्न: अमकीच्या नवऱ्याची बदली कधी, तमकीचं लग्न कुठे. कुंदाबाईला बोलायचं होतं, पण जीभ वळेना. बायका म्हणाल्या, देवी रागावलीय.

आणि मी, सुनंदा? मी तिथे जळत उभी. चाळीस वर्षं कानबाई मी बसवते. गहू माझे, नारळ माझा, उपास माझे, आणि देवी अंगात आली तर पाहुणीच्या. पण देवीशी वैर कसं धरायचं, म्हणून वाकले आणि तिचा पदर डोळ्यांना लावायला घेतला. पदराला गाठ होती. हाताला टणक लागलं. सोडली, तर आत पांढऱ्या गोळ्या आणि कॅप्सूली, बुधवारपासूनच्या सगळ्या.

लता चुलीपाशी तळत होती, तिला हाक मारली आणि गोळ्या दाखवल्या. भाईदास आणि मिस्तरी यांनी कुंदाबाईला कॉलनीच्या जीपमधून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी शिरेतून कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं, हळूहळू, नाडीवर बोट ठेवून, आणि तिची बोटं एकेक करून सुटली. ते म्हणाले, अजून उशीर झाला असता तर श्वास अडकला असता.

घरी आणल्यावर मी दार लावून विचारलं, गोळ्या का बांधून ठेवल्या? ती भिंतीकडे बघून म्हणाली, "जावाईना घरनं औषध मना गळाखाले नही उतरत, ताई."

माझंच बोलणं तिच्या गळ्यात अडकलं होतं. मी तिच्या कपाळाला कुंकू लावलं, ओटीत नारळ घातला आणि म्हटलं, "हाई जावाईनं घर नही. आजपासून हाई तुनी बहिननं घर शे. गिळ आते."

गिळली बाई. आता घड्याळाला किल्ली मी देते, गोळीही मीच देते, आणि गिळल्यावर तोंड उघडून दाखव म्हणते. लताला हात लावू देत नाही. फार बरं वाटतं गं.

तुझी,
इंदिराअक्का

ता. क. मी काय बोलले होते ते कुंदाबाईने अजून कोणाला सांगितलं नाही. तूही सांगू नकोस. पत्र चुलीत घाल.

ता. क. तिला बहीण म्हटलं म्हणून तू फुगू नकोस. तू जन्माची, ती औषधापुरती.

ता. क. पत्र लिहायचं खरं कारण हे. डॉक्टरांनी सगळ्यांसमोर सांगितलं की ही देवी नव्हे, गोळ्या चुकल्या. तरी बायका म्हणतात, कानबाईनेच हिला वाचवलं. पदर कोणी सोडला ते कोणाच्या तोंडात नाही. म्हणून तू शनिवारच्या एसटीने ये, आणि त्या सगळ्या बसलेल्या असताना मोठ्याने विचार, अक्का, तू कशी आहेस? आधी मला, मग तिला. येत्या रविवारी दुपारी परत येतो म्हणाल्यात.